उशीर माफ करणे ही मेहेरबानी नव्हे

दिवाणी दाव्यात मुदत टळल्यावर आलेल्या अपिलाविषयी एक मत सध्या फार ठासून मांडले जाते. निकाल लागला, अपिलाची मुदत कायद्याने ठरवून दिली होती, त्या मुदतीत तुम्ही आला नाहीत, आता विषय संपला. कायदा जागरूकाच्या पाठीशी असतो, गाफिलाच्या नव्हे. उशिरा येणाऱ्याला दरवेळी दार उघडायचे असेल, तर जिंकलेल्याने निकालाचा कागद कशासाठी सांभाळायचा? अलीकडे या मताला सर्वोच्च न्यायालयाच्या दोन निकालांचा आधार दिला जातो. एक 2024 चा पथपाटी सुब्बा रेड्डी प्रकरणातला, दुसरा 2025 चा शिवम्मा प्रकरणातला. विलंबमाफीचे लाड न्यायालयानेच बंद केले, मग खालच्या कोर्टांनी ते का पुरवावेत, असा हा युक्तिवाद.

पुणे जिल्ह्यातल्या मावळ तालुक्यात हे मत विशेष जोरात ऐकू येते. वडगावच्या कोर्टात येणाऱ्या दाव्यांचा मोठा भाग जमिनीचा असतो: वाटप, मनाई, वहिवाटीचा रस्ता, खरेदीखत रद्द करण्याची मागणी. द्रुतगती मार्ग झाला, तळेगावला एमआयडीसी आली, लोणावळ्यापासून पवना धरणाच्या काठापर्यंत बंगले उभे राहिले आणि भातखाचरांचा व्यवहार गुंठ्यावर होऊ लागला. जिथे जमीन रोज हात बदलते तिथे प्रत्येकाला निर्वेध सातबारा हवा असतो. उशिरा आलेले अपील त्या व्यवहारात आडवे येते, म्हणून ते नकोसे वाटते.

या मताला माझा विरोध आहे. उशिरा आलेल्याची दया यावी म्हणून मी हे लिहीत नाही. हे मत कायदा अर्धाच वाचते, निकाल अर्धेच सांगते आणि तालुक्याच्या कोर्टात माणसाला उशीर नेमका कशाने होतो याकडे पाहतच नाही, म्हणून लिहितो.

आधी कायदा पाहू. 1963 च्या मुदत कायद्याचे कलम 3 कडक आहे. मुदतीबाहेरचा दावा, अपील किंवा अर्ज समोरच्याने हरकत घेतली नाही तरी कोर्टाने फेटाळायचा आहे. पण त्याच कायद्यात, दोनच कलमे पुढे, कलम 5 आहे. मुदतीत न येण्यास पुरेसे कारण होते अशी कोर्टाची खात्री पटली, तर अपील किंवा अर्ज उशिरा दाखल करून घेता येतो, असे ते सांगते. हे कलम दाव्याला लागू नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश 21 खालच्या, म्हणजे दरखास्तीच्या टप्प्यावरच्या अर्जांनाही नाही. संसदेने दाव्याला माफी ठेवली नाही, अपिलाला मात्र ठेवली. हा फरक विचारपूर्वक केलेला आहे. दावा लावायचा की नाही हा माणसाचा स्वतःचा निर्णय असतो. अपिलात खालच्या कोर्टाची संभाव्य चूक तपासायची असते, आणि ती चूक दुरुस्त होणे ही न्यायव्यवस्थेचीही गरज आहे. म्हणून कलम 5 म्हणजे कायद्यातली पळवाट नव्हे. मुदतीचा नियम न्याय्य राहावा यासाठी त्याच्यासोबतच लिहिलेली ती तरतूद आहे. कलम 3 मोठ्याने वाचायचे आणि कलम 5 गिळून टाकायचे, याला कायद्याचे पालन म्हणता येणार नाही.

आता ‘तीस दिवस पुरेसे आहेत’ या म्हणण्याकडे वळू. जिल्हा न्यायालयात पहिले अपील करायला तीस दिवस मिळतात, उच्च न्यायालयात नव्वद. कागदावर तीस दिवस ठीक दिसतात. पण ते दिवस जातात कसे, हे तालुक्याच्या ठिकाणी पाहावे लागते.

निकाल जाहीर होतो तेव्हा पक्षकार बहुतेकदा हजर नसतो. ‘निकालासाठी’ म्हणून लागलेली तारीख पुन्हा पुन्हा पुढे गेलेली असते. प्रत्येक तारखेला कामशेतहून किंवा नाणे मावळातल्या वाडीवरून मजुरी बुडवून येणे जमत नाही, आणि वकिलांनीच ‘तुम्ही येऊ नका, मी कळवतो’ असे सांगितलेले असते. मग कळवणे राहून जाते. फोन नंबर बदललेला असतो. खटला चालवणारे वडील वारलेले असतात आणि मुलांना दाव्याचा क्रमांकही ठाऊक नसतो. मोबाईलवर सगळे दिसते, असे यावर उत्तर मिळते. ई-कोर्टाच्या ॲपवर निकालाची नोंद दिसते हे खरे. पण ती सहज सापडायला प्रकरणाचा क्रमांक हवा, तो क्रमांक वकिलाच्या फायलीवर असतो, आणि अपिलाला मोबाईलचा पडदा चालत नाही, सही-शिक्क्याची नक्कल लागते.

नकलेचा हिशेब आणखी अवघड आहे. नक्कल मिळायला लागलेला वेळ कलम 12 प्रमाणे मुदतीतून वजा होतो, हे सगळे सांगतात. त्या कलमाखालचे स्पष्टीकरण फार थोडे सांगतात. नकलेचा अर्ज देण्याआधी हुकूमनामा तयार करायला कोर्टाला जो वेळ लागला, तो वजा होत नाही. समजा, निकाल 10 जूनला लागला. हुकूमनामा 30 जूनला तयार झाला. पक्षकाराने विचार केला की कागदच तयार नाही तर अर्ज कशाला द्यायचा, आणि त्याने नकलेचा अर्ज 1 जुलैला दिला. मधले वीस दिवस कोर्टाच्या कामात गेले, तरी ते पक्षकाराच्याच खात्यावर पडतात. जून-जुलै म्हणजे मावळात भातलावणीचे दिवस. चिखलणी एकदा चुकली की वर्ष हातचे जाते. ज्याचे पोट त्या खाचरावर आहे तो त्या दिवसांत आधी खाचरात उतरणार आणि मग कोर्टात जाणार. याला गाफीलपणा म्हणणे मला मान्य नाही.

त्यात भाषा. 1998 पासून महाराष्ट्रातल्या जिल्हा आणि तालुका न्यायालयांची भाषा मराठी आहे. तरीही निकाल इंग्रजीत हातात पडतो तेव्हा आपण हरलो एवढेच पक्षकाराला समजते. का हरलो आणि आता कोणत्या कोर्टात किती दिवसांत जायचे, हे त्याला दुसऱ्यानेच सांगावे लागते. जो माणूस स्वतःच्याच निकालासाठी दुसऱ्यावर अवलंबून आहे, त्याच्या उशिराचा सगळा भार त्याच्या एकट्याच्या डोक्यावर ठेवणे अन्यायाचे आहे.

तिसरा आक्षेप जिंकलेल्या पक्षाच्या बाजूने येतो आणि तो मी गंभीरपणे घेतो. वीस वर्षे कोर्टाच्या पायऱ्या झिजवून जिंकलेली विधवा किंवा बहीण हीसुद्धा मावळातलीच बाई आहे. तिच्यावर उशिरा अपील आणणे हा अन्यायच नाही का? आहे, जर त्या अपिलामुळे तिचा हुकूमनामा आपोआप थांबत असेल तर. पण तो थांबत नाही. नुसते अपील दाखल केल्याने हुकूमनाम्याला स्थगिती मिळत नाही, हा मूळ नियमच आहे. उशिरा आलेल्या अपिलासाठी तर संहितेत 1976 च्या दुरुस्तीने आदेश 41 मध्ये नियम 3-अ घातला गेला. उशिराचा अर्ज प्रतिज्ञापत्रासह अपिलाबरोबरच द्यावा लागतो, समोरच्याला नोटीस काढावी लागते, आणि कोर्ट ते अपील ऐकायचे ठरवत नाही तोवर हुकूमनाम्याला स्थगिती देता येत नाही. जिंकलेल्या पक्षाला दरखास्त दाखल करण्यापासून हा अर्ज रोखत नाही. शिवाय साधारण हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीसाठी जिंकलेल्याला बारा वर्षांची मुदत आहे. जिंकणाऱ्याला बारा वर्षे देणाऱ्या कायद्याने हरणाऱ्याला तीस दिवस दिले आणि त्या तीस दिवसांना कलम 5 ची जोड दिली. ती जोड काढून घेतली, तर तराजूचे एक पारडे जमिनीला टेकते.

आता राहिले सर्वोच्च न्यायालयाचे निकाल. विरोधी मताचा सगळा जोर इथे आहे, म्हणून ते नीट वाचू.

शिवम्मा प्रकरणात उशीर होता 3966 दिवसांचा, म्हणजे जवळजवळ अकरा वर्षांचा. उशीर करणारे होते कर्नाटक गृहनिर्माण मंडळ, एक सरकारी संस्था. उच्च न्यायालयाने तो माफ केला होता. सर्वोच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली, आणि त्यामुळे एका जमीनमालक स्त्रीच्या बाजूचा हुकूमनामा कायम राहिला. त्याआधी 2012 मध्ये पोस्टमास्टर जनरल विरुद्ध लिव्हिंग मीडिया प्रकरणात 427 दिवसांचा उशीर नाकारताना न्यायालयाने सांगितले की सरकारी खात्यांसाठी वेगळी मुदत नाही, फाईल टेबलावर फिरत होती हे कारण चालणार नाही. त्याच वर्षी मुंबईचे प्रकरण आले, मणिबेन देवराज शहा विरुद्ध महापालिका. महापालिकेने 7 वर्षे 108 दिवसांनी अपिले केली होती. मुंबई उच्च न्यायालयाने माफी दिली, सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली. या तीनही निकालांतला कडकपणा ज्यांच्याकडे पगारी वकील, विधी विभाग आणि कचेऱ्या आहेत त्यांच्यासाठी होता. तो उचलून अंदर मावळातल्या शेतकऱ्याच्या साठ दिवसांवर लावणे म्हणजे निकालाचा अर्थच उलटा करणे होय.

पथपाटी प्रकरण मात्र खासगी पक्षकारांचे होते, हे मी लपवत नाही. भूसंपादनाच्या भरपाईतल्या दावेदारांचे वारस 5659 दिवसांनी, पंधरा वर्षे उलटल्यावर आले होते. न्यायालयाने त्यांना नकार दिला, कारण इतका काळ त्यांनी प्रकरणाची विचारपूसच केली नव्हती. मी न्यायाधीश असतो तर मीही नकारच दिला असता. पण त्याच निकालाने विलंबमाफीची जी सूत्रे एकत्र मांडली, त्यांत हेही आहे की उशिराचे पुरेसे कारण दिसले तर न्यायालय न्याय्यबुद्धीने आपला अधिकार वापरू शकते. हे सूत्र विरोधक सांगत नाहीत.

आणि दुसऱ्या बाजूचे निकाल कुठे गेले? काटिजी प्रकरणात 1987 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने चार दिवसांचा उशीर माफ केला आणि खालच्या कोर्टांना सांगितले की प्रत्येक दिवसाचा हिशेब मागताना व्यवहाराची समज सोडू नका. बालकृष्णन प्रकरणात 1998 मध्ये 883 दिवसांचा उशीर माफ झाला. उशीर किती हे महत्त्वाचे नाही, दिलेले कारण पटते का हे महत्त्वाचे, असे तिथे ठरले. आपल्या महाराष्ट्रातले मोरे विरुद्ध मोरे हे प्रकरण 2019 चे आहे. 2008 मध्ये एकतर्फी हुकूमनामा झाला. हरलेल्या पक्षाने आधी तो हुकूमनामा रद्द करून घेण्याचा मार्ग धरला. तो मार्ग बंद झाल्यावर अपील केले, तेव्हा उशीर झाला होता 4 वर्षे 10 महिने 8 दिवसांचा. पहिल्या अपिलीय न्यायालयाने तो माफ केला, उच्च न्यायालयाने ती माफी रद्द केली, सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा मान्य केली. तो पक्ष घरी बसलेला नव्हता, कायद्याने दिलेल्या दुसऱ्या दारावर उभा होता, हे न्यायालयाने पाहिले. जवळजवळ पाच वर्षे माफ होतात आणि कधी एक वर्षही माफ होत नाही, याचे कारण एकच आहे: दिवस मोजायचे असतात, पण तोलायचे असते कारण.

मुदत टळूच नये, असा आग्रह धरणाऱ्यांना करोनाच्या काळाचीही आठवण करून द्यायला हवी. 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सर्वोच्च न्यायालयाने देशातल्या सगळ्या पक्षकारांच्या मुदतीतून वगळला. माणूस कोर्टापर्यंत पोहोचूच शकत नसेल तर मुदत त्याच्याविरुद्ध चालवू नये, हे तत्त्व त्या वेळी सगळ्यांना पटले. एका गावातल्या एका कुटुंबावर आपत्ती येते तेव्हा तेच तत्त्व एकाएकी ‘लाड’ कसे ठरते?

एक चिंता मात्र खरी आहे आणि ती झटकून टाकणे अप्रामाणिकपणाचे होईल. जमिनीला भाव आला की जुने, विसरलेले वाद जागे होतात. दहा वर्षे गप्प असलेल्या माणसाला कुणीतरी भेटते, कुलमुखत्यारपत्र लिहून घेते, खर्च उचलते आणि उशिरा अपील दाखल करवते. त्या अपिलात जिंकायचे नसतेच. खरेदीदाराला अडवून तडजोडीचे पैसे काढायचे असतात. असे अर्ज फेटाळलेच पाहिजेत. पण ते ओळखायला कलम 5 पुरेसे आहे. हुकूमनाम्यानंतर अर्जदाराने काय केले, हे विचारा. तो ताब्यात राहिला की ताबा देऊन बसला? दरखास्तीत हजर झाला होता का? नोटीस कधी मिळाली? त्याच्या कुटुंबातल्या कुणी दरम्यान त्याच जमिनीचा व्यवहार केला का? सातबाऱ्याचे उतारे आणि फेरफार यांतले बहुतेक सांगतात. खोटे कारण उघडे पडते ते तारखांत. आणि खऱ्या कारणालाही अटी घालता येतात. समोरच्याचा खर्च द्यायला लावता येतो. भूसंपादनाच्या धीरज सिंग प्रकरणात 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने उशीर माफ केला, पण उशिराच्या काळाचे व्याज दिले नाही. भुरट्या अर्जांच्या भीतीने खऱ्या अर्जाचे दार बंद करायचे हा न्याय नव्हे.

आता जे माझ्या बाजूचे म्हणवतात त्यांनाही सुनावणे भाग आहे. विलंबमाफीची बाजू सर्वांत जास्त कमकुवत केली असेल, तर ती आपल्याच अर्जांनी. ‘अर्जदार हे ग्रामीण भागातील अशिक्षित शेतकरी असून त्यांना कायद्याचे ज्ञान नाही’ हे वाक्य अर्जामागून अर्जात जसेच्या तसे येते. खाली प्रतिज्ञापत्र, त्यावर अंगठा किंवा सही. त्या वाक्यातून न्यायाधीशाला काहीच कळत नाही. नकलेची मागची बाजू पाहिली तर तिथे तीन तारखांचे शिक्के असतात: अर्ज कधी दिला, नक्कल कधी तयार झाली, कधी घेतली. त्या तीन तारखांच्या आधी आणि नंतर काय घडले, एवढेच अर्जात तारीखवार लिहायचे आहे. रुग्णालयात दाखल होता तर घरी सोडल्याचा कागद जोडा. वडील वारले तर मृत्यूचा दाखला. वकिलांनी कळवले नाही तर त्यांना कधी भेटलात, काय विचारलेत, निकाल कुणाकडून आणि कोणत्या दिवशी कळला, ते लिहा. चुकीच्या कोर्टात प्रामाणिकपणे गेला होतात तर कलम 14 च्या तत्त्वाचा आधार आहे, तो मागा. घटनेचा एक साधा, खरा, तारखेसह सांगितलेला परिच्छेद पानभर विनवण्यांपेक्षा अधिक काम करतो.

आणि शेवटी कोर्टांकडे मागणी. संहितेच्या आदेश 20 मध्ये नियम 5-अ आहे. दोन्ही पक्षांना वकील असतील ती प्रकरणे वगळून, निकाल देताना कोर्टाने हजर पक्षकारांना अपील कोणत्या कोर्टात होते आणि मुदत किती आहे हे सांगायचे आणि तशी नोंद ठेवायची, असा तो नियम. 1976 पासून तो पुस्तकात आहे. ही माहिती वकील असलेल्या पक्षकारालाही, मराठीत, छापील कागदावर, निकालाच्या दिवशी का मिळू नये? त्या कागदावर एवढेच हवे: अपिलाचे न्यायालय, शेवटची तारीख, नकलेचा अर्ज आजच द्या, आणि वकील परवडत नसेल तर तालुका विधी सेवा समितीकडे जा. विधी सेवा कायद्याने स्त्रिया आणि अनुसूचित जाती-जमातींतील व्यक्तींना मोफत वकील मिळण्याचा हक्क उत्पन्नाची अट न लावता दिला आहे. मावळातल्या कातकरी आणि ठाकर वाड्यांवर हे किती जणांना माहीत आहे? मोठ्या उशिरांचा बराच भाग या एका कागदाने जागच्या जागी थांबेल.

दुसरी मागणी विलंबमाफीच्या अर्जांविषयी. हा अर्ज किरकोळ अर्ज म्हणून नोंदला जातो आणि तो निकाली निघेपर्यंत अपिलाला क्रमांक मिळत नाही. साठ दिवसांच्या उशिराचा अर्ज स्वतः वर्षानुवर्षे पडून राहिला, तर त्याची शिक्षा दोन्ही पक्षांना होते, आणि जिंकलेल्याची तक्रार खरी ठरते. असे अर्ज आधी घ्या, थोडक्यात ऐका, कारण लिहून निकाल द्या. माफी नाकारताना कोणत्या तारखेचा खुलासा पटला नाही हे लिहा. माफी देताना समोरच्याला खर्च द्या.

तोवर वाचकांना एक सांगणे आहे, मग तुम्ही जिंकणारे असा की हरणारे. निकाल ऐकलात की कोर्टाच्या आवारातून बाहेर पडण्याआधी नकलेचा अर्ज द्या आणि पावती जपून ठेवा. वकिलांकडे तुमचा चालू फोन नंबर लेखी द्या. घरातल्या कर्त्या माणसाशिवाय आणखी एकाला दाव्याचा क्रमांक सांगून ठेवा. इतके करूनही उशीर झालाच, तर खरे कारण तारखांसह लिहा आणि मान खाली न घालता कोर्टापुढे ठेवा. कलम 5 संसदेने केलेला कायदा आहे, आणि त्याखाली न्याय मागणे हा तुमचा अधिकार आहे.